योगेंद्रदादाची साक्ष

कोंढा,
११ नोव्हेंबर २०२४

योगेंद्रदादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही. विसरले म्हणून नाही. फोन करत नाही, कारण फोन उचलला की तू आधी प्रार्थना सुरू करतोस, आणि कोणाच्या प्रार्थनेच्या मधात बोलता येत नाही. कागदावर माझं बोलणं निदान पुरं होईल.

तुझा व्हिडिओ पाहिला. आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंच्या भाचीनं पाठवला, "मॅडम, हे तुमचेच भाऊ ना?" म्हणून. तुमसरचं तुमचं प्रार्थनाभवन, तू पांढरा सदरा घालून माईक धरून उभा. साक्ष देऊन राहिला होतास. "माझ्या हातून मोठं पाप घडलं. शिक्षा मला व्हायला पाहिजे होती. पण एका निष्पापानं माझी शिक्षा आपल्यावर घेतली आणि मी मोकळा झालो." लोक 'हालेलुया' म्हणाले. तू डोळे पुसलेस. मग म्हणालास, "आज माझ्या मनात पूर्ण समाधान आहे."

मी ते तीन वेळा पाहिलं. पहिल्यांदा पाहताना मी हातातलं काम ठेवलं. वाटलं, दादा शेवटी टीनाच्या बाबांचं नाव घेतो आहे, भर सभेत. मग समजलं, तू येशूबद्दल बोलत होतास.

तू सभेत सांगितलं नाहीस ते मी इथं लिहिते. एका कागदावर तरी ते खरं खरं लिहिलेलं असू दे.

दहा वर्षांपूर्वीची भाऊबीज. तुला सरकारी नोकरीची ऑर्डर आदल्याच आठवड्यात मिळालेली. तू आणि आई कोंढ्याला आला होतात. मी तुला ओवाळलं. तू म्हणालास पेढे आणतो, आणि टीनाच्या बाबांची शाळेची गाडी काढलीस. ते म्हणाले मी चालवतो, तू ऐकलं नाहीस, म्हणून ते बाजूला बसले. गावाबाहेरच्या तळ्यापाशी, बोडीच्या वळणावर तुला अभिनंदनाचा फोन आला. समोरून शेजारच्या देवाजीकाकांची खुशबू सायकलवर येत होती. नऊ वर्षांची. रोज त्याच गाडीत बसून पवनीला शाळेत जायची ती पोर.

तू उतरलास आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं घरी आलास. टीनाच्या बाबांनी तिला उचलून पुढच्या सीटवर, डोकं आपल्या मांडीवर घेऊन निजवलं आणि गाडी दवाखान्याकडे नेली. रस्त्यात ज्यांनी पाहिलं त्यांनी स्टीअरिंगवर त्यांनाच पाहिलं. पोर वाचली नाही. संध्याकाळी आईनं जावयाच्या पायावर डोकं ठेवलं, पदर पसरला, आणि त्यांनी तुझं सगळं आपल्यावर घेतलं.

भाऊबीजेला भाऊ बहिणीला काही देतो. त्या वर्षी मी तुला माझा नवरा दिला.

पाच वर्षं केस चालली. आठ महिने ते भंडाऱ्याच्या जेलमध्ये होते. तू एकदाही भेटायला गेला नाहीस. म्हणालास, ऑफिसात कोणी पाहिलं तर. त्यांची शाळेची गाडी गेली. कोणता बाप आपलं लेकरू त्यांच्या गाडीत बसवेल? आता ते दुसऱ्यांच्या धानाच्या मळणीवर जातात. बोडीच्या वळणावरून जात नाहीत, शेताला फेरा घालून जातात.

परवा टीना शाळेतून आली आणि दप्तर न काढता विचारलं, "आई, बाबांनी खुशबूले मारलं होतं का?" ती अकरा वर्षांची झाली. मी म्हटलं, हात धू, जेवायला बस.

तुझ्या समाधानाबद्दल अभिनंदन.

तृप्ती

कोंढा,
४ डिसेंबर २०२४

योगेंद्रदादा,

तुझं पत्र आणि पवित्र शास्त्राची, बायबलची प्रत मिळाली. पुठ्ठा चांगला आहे.

तू लिहितोस, माणूस आपल्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही, फक्त विश्वासानं ठरतो. आणि कैलाशजींनीही, म्हणजे टीनाच्या बाबांनीही, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला शिकावं. तुमचा प्रेषितसुद्धा तुरुंगातून असंच लिहितो. बरोबर आहे. पण तुमचा प्रेषित स्वतःच्या विश्वासासाठी आत गेला होता. बायकोच्या भावासाठी नाही.

संतुष्ट राहा हे कोणाला कोण सांगतं, यानं फरक पडतो दादा. तू टीनाच्या बाबांना सांगतोस तेव्हा त्याचा अर्थ 'गप्प राहा' असा होतो.

तरी मी ते वाचलं. रागानं वाचायला घेतलं, तुझ्या चुका काढायला. आठ दिवस अंगणवाडीच्या मुलांची खिचडी शिजत घालून तिथंच बसून वाचत होते. आणि खोटं नाही लिहीत, एका ठिकाणी माझा हात थांबला. जे भरून देताच येत नाही ते देवच आपल्याकडून भरतो, फुकट, असं जिथं आहे तिथं. मला पहिल्यांदा समजलं तू त्याला काहून इतका घट्ट धरून बसलास. खुशबू काही केल्या भरून देता येत नाही. तू उरलेलं आयुष्य उपास केलेस तरी नाही. कोणी फुकट माफ केलं नाही तर तुझ्यासारख्याला जागाच नाही. तुझ्यासारख्याला म्हणजे, जाऊ दे.

पण त्याच पुस्तकात तुमच्या प्रभूनं आणखी सांगितलं आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि तिथं आठवलं की भावाचं मन आपल्यामुळे दुखावलं आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, समेट कर, मग परत ये. मी त्या पानावर खूण करून ठेवली आहे. तुझ्या प्रतीत ते पान असेलच.

तुमसरहून कोंढा किती दूर आहे? एक बस भंडाऱ्यापर्यंत, दुसरी पवनीची. सकाळी निघालास तर जेवायला पोचतोस.

तृप्ती

कोंढा,
२९ डिसेंबर २०२४

दादा,

तू आलास. नाताळचा केक आणलास, टीनाला स्वेटर, आईची खुशाली. ओसरीत टीनाच्या बाबांचे दोन्ही हात धरून रडलास आणि म्हणालास, "कैलाशजी, मला माफ करा." ते म्हणाले, "होऊ द्या. चहा घ्या." तू चहा घेतलास. जाताना तुझा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, ते लिहिते.

ते चहा न पिता कप घेऊन बसले होते. मी विचारलं, का झालं? तर म्हणाले, "तुझ्या भावाले माफी पाहिजे होती, देली. मले का पाहिजे ते त्यानं विचारलंच नाही."

"का पाहिजे तुमाले?"

"देवाजीकाकाले माहीत झालं पाहिजे. दुसरं काही नाही. रस्त्यानं ते दिसले का मी बाजूला होतो, न् ते थुंकतात. दहा वर्ष झाले. मले थुंकीचं काही नाही. पण त्याह्यची पोर माझ्याजवळ होती शेवटी, न् मले त्याह्यच्याशी बोलता नाही येत."

देवाजीकाकांचं घर आमच्या घरापासून पाचवं. तू बसस्टॉपवर जाताना त्यांच्याच दारावरून गेलास. पार्वताकाकू, खुशबूची आई, अंगणात होत्या. तू मान खाली घातलीस. मी खिडकीतून पाहत होते.

तुला माफी मिळाली, पण तू मागायला चुकीच्या घरी आला होतास.

तृप्ती

कोंढा,
१० फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

तुझं म्हणणं वाचलं. देवाजीकाकांकडे गेलास तर ते पोलिसात जातील, नोकरी जाईल, वहिनी आणि मुलं उघड्यावर पडतील. झालं ते देवापुढे कबूल केलं, ते पुरे. मी त्यावर काही लिहिणार होते. पण त्याआधी मी तुमसरला गेले. तुला न सांगता. तुमच्या प्रार्थनाभवनाच्या पाळकांना भेटायला, भैय्यालालजींना.

मी सगळं सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ मान हलवत ऐकत राहिले. मी तावातावानं म्हटलं, "तुमच्या धर्मात हे असंच असते का? पाप एकानं करायचं, शिक्षा दुसऱ्यानं भोगायची, न् पहिल्यानं टाळ्या घ्यायच्या?"

ते म्हणाले, "बाई, देव विश्वासानं माणसाले नीतिमान ठरवते, हे मी चाळीस वर्ष सांगून राहिलो. खरं आहे ते. पण ते देवासमोर उभं राहाले धीर यावा म्हणून आहे. माणसापासून लपाले नाही. न् प्रभूनं शिक्षा घेतली ते आपल्या खुशीनं. तुमच्या मालकाले तुमी सगळ्याह्यनं मिळून ढकललं. हे दोन्ही एका मापानं नोका मोजू."

मी म्हटलं, "आम्ही नाही, माझ्या आईनं आणि भावानं."

ते म्हणाले, "बरं. न् तुमी कवा जाऊन राहिल्या देवाजीकडे?"

मी पिशवी उचलून निघाले. बसमध्ये बसले, वरठी गेलं, भंडारा आलं, तरी तो प्रश्न सोबतच होता.

दादा, पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आईनं पदर पसरला आणि ते 'हो' म्हणाले, असं झालं नव्हतं. तेव्हा तू मागच्या खोलीत होतास, तुलाही माहीत नाही. ते आईला म्हणाले, "आई, ते पोर माझ्या मांडीवर गेलं. त्याच्यावर मले खोटं नोका बोलू लावू." आई हरली. मग मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. टीना माझ्या कडेवर होती. मी म्हटलं, "दादाचं नाव तुमच्या तोंडून निघालं तर मी हिले घेऊन माहेरी जाईन, न् तुमाले पोरीचं तोंड नाही दिसणार." त्यांनी टीनाकडे पाहिलं. मग शर्ट बदलायला गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "चाल, का सांगायचं ते सांग."

मीच सांगितलं काय सांगायचं. पोलिसाला जबाबही दिला, की दादा घरी जेवत होता, हे एकटेच गाडी घेऊन गेले. कोर्टात शपथेवर मी तेच बोलले.

इतकी वर्षं मी तुझ्यावर आणि आईवर राग धरला. तो धरला की माझं मला दिसायचं नाही. टीनाचे बाबा मला त्यावरून कधी बोलले नाहीत. जेलमधून आले त्या दिवशीही नाही. एखाद्या भांडणात त्यांनी ते काढावं म्हणून मी दहा वर्षं वाट पाहिली.

भैय्यालालजी म्हणाले ते तुझ्याशी बोलतील. देवाजीकाकांना भेटेपर्यंत तुला साक्ष देऊ देणार नाहीत.

तृप्ती

कोंढा,
२१ मार्च २०२५

दादा,

तू सभा बदललीस हे आईकडून कळलं. आता दर रविवारी भंडाऱ्याला जातोस. तिथं तुझी साक्ष ऐकून लोकांना आशीर्वाद मिळतो, आणि कोणी काही विचारत नाही. भैय्यालालजींबद्दल तू लिहिलंस की ते जुन्या वळणाचे आहेत, त्यांना कृपा कळलीच नाही. आणि माझ्याबद्दल लिहिलंस की सैतान माझा उपयोग करून घेतो आहे. असेल. सैतानाला इतक्या वर्षांत माझ्यात खरं बोलायचं काही सापडलं, हेही नवलच.

मागच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं देवाजीकाकांकडे गेलो. टीनाला घरी सगळं सांगून गेलो. ती ऐकून घेऊन बाबांच्या जवळ जाऊन बसली. माझ्याजवळ अजून बसत नाही.

पार्वताकाकू अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. यांना पाहून सूप थांबलं. देवाजीकाका खाटेवरून उठले, म्हणाले, "याले इथं कायले आणलं?"

मी उभ्यानंच सांगितलं. गाडी कोण चालवत होतं, कोण पळालं, कोणी खोटा जबाब दिला. माझं नाव शेवटी घेणार होते, पण ते तोंडातून आधीच निघालं.

 काका परत खाटेवर बसले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी टीनाच्या बाबांना विचारलं, "मंग पोरीजवळ कोण होतं?"

"मी."

"जित्ती होती?"

"हो. पाच-सात मिनिटं."

"काही बोलली?"

दादा, हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मारणाऱ्याला असं कोण विचारणार? ते म्हणाले, "तिनं गाडी ओळखली. म्हणे, 'काका, आज तं सुट्टी आहे न?' मी म्हटलं, हो बेटा, सुट्टी आहे. मंग म्हणे, 'तं घरी चाला.' मी म्हटलं, चालतो. मंग नाही बोलली."

काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. टीनाचे बाबा तिथंच जमिनीवर बसले.

मी पार्वताकाकूंच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "दहा वर्ष मी रोज सकाळी उठून या माणसाले शाप देला. देवासमोर दिवा लावून देला. चुकीच्या माणसाले देला. आता तुह्या भावाले द्याले माह्यात जीव नाही उरला. कायले सांगतलं तू?"

मी म्हटलं, "काकू, मले माफ करा."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुले नाही. तूही लेकराची माय होती तवा."

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. मग परत बाहेर येऊन टीनाच्या बाबांसमोर पाण्याचा गडवा ठेवला. मला दिला नाही.

निघताना काका म्हणाले, "मी पोलिसात जाणार नाही म्हटलं तं तो येईन का? त्याले म्हणा, माह्या दारात ये न् आपल्या तोंडानं सांग. मारत नाही मी त्याले. एक महिना वाट पाहतो."

हा निरोप जसा दिला तसा लिहिला आहे. माझं यात काही मिसळलं नाही.

तृप्ती

कोंढा,
२६ एप्रिल २०२५

दादा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'याविषयी मी पुष्कळ प्रार्थना केली आणि देवानं मला शांती दिली आहे. मागचं विसरून पुढे धावायचं, हाच विश्वासणाऱ्याचा मार्ग.' ते मी देवाजीकाकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे येत नाही का?" मी म्हटलं, येत नाही.

भैय्यालालजींना शेवटपर्यंत वाटत होतं की निदान गुड फ्रायडेला तू येशील. त्या दिवशी दुपारची उपासना आटोपून ते स्वतः बसनं कोंढ्याला आले, या वयात, या उन्हात. देवाजीकाकांच्या ओसरीत बसून राहिले. "तो आला तं त्याच्या बाजूनं कोणी पाहिजे," म्हणाले. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा काकूंनी त्यांना जबरदस्तीनं दोन घास खाऊ घातले. जाताना त्यांनी काकांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "मी त्याले प्रभूचं वचन शिकवलं, पण अर्धंच पोचलं. माझं चुकलं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी ते म्हणाले.

काल आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. देवाजीकाका, टीनाचे बाबा आणि मी. गाडी भाड्याची होती. बोडीच्या वळणावर टीनाच्या बाबांनी डोळे मिटले, आणि काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वळण गेलं तसा काढून घेतला. अजून ते एकमेकांशी फार बोलत नाहीत.

हवालदार आधी वैतागला. म्हणाला, "केस बंद झाली, शिक्षा भोगून झाली. आता कायले खोदून राहिले?" मग साहेबांना विचारून आला आणि लिहायला बसला. पुढे काय होईल, कोणाला सांगता येत नाही. खोट्या जबाबासाठी माझ्यावरही केस होऊ शकते, अंगणवाडीची नोकरी जाऊ शकते. मी विचारून घेतलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तू माह्यासाठी मेली." ती आता तुझ्याकडेच राहील, तिच्या गोळ्या संपत आल्या आहेत, बघ.

मी तुझं शास्त्र परत पाठवत नाही. मला ते लागतं. देवापुढे मी नीतिमान ठरले की नाही, मला माहीत नाही, आणि तू मला ते सांगू नकोस. समाधान म्हणशील तर नाही. पार्वताकाकू अजून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, आणि रात्रीच्या जेवणाला आमच्या घरात तिघं असून कोणी बोलत नाही. पण काल टीनानं शाळेत बाईंना सांगितलं की माझे बाबा गाडी चालवत नव्हते. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं. मला, बाबांना नाही.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारानं वर पाहिलं आणि विचारलं, "हा योगेंद्र तुमचा कोण लागते?"

मी म्हटलं, "सख्खा भाऊ."

त्यानं तेही लिहून घेतलं. खाली मी सही केली.

तृप्ती